कर नाही त्यालाच डर

परदेशातल्या माणसाशी लग्न ठरलेल्या मुलामुलींना व्हिसासाठी काय काय दिव्यं करावी लागतात हा विषय निघाला, की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: कर नाही त्याला डर कशाला? प्रेम खरं असेल तर पुरावे द्या. लग्न खरं असेल तर विचारतील त्याची उत्तरं द्या. कमाई कमी पडत असेल तर आधी कमवा, मग बोहल्यावर चढा. असं म्हणणारी माणसं वाईट नसतात. बहुतेकांचा मुलगा किंवा पुतण्या कंपनीच्या व्हिसावर सहकुटुंब बाहेर गेलेला असतो, सुनेचे कागद कंपनीच्या वकिलानं केलेले असतात, आणि व्हिसा म्हणजे फॉर्म भरून टाकायची एक कटकट एवढाच त्यांचा अनुभव असतो. त्यामुळे ज्याला त्रास झाला त्याच्यातच काहीतरी खोट असणार, असं त्यांना मनापासून वाटतं.

हे म्हणणं मुळापासून चुकीचं आहे. ते तपासायला मी ब्रिटन घेतो, कारण आपल्या उपखंडातल्या लग्नांची झडती घेण्याचा त्या देशाइतका जुना अनुभव दुसऱ्या कोणाला क्वचितच असेल.

ब्रिटिश नागरिकाशी किंवा तिथल्या कायम रहिवाशाशी तिथे जाऊन लग्न करायचं असेल तर वेगळा व्हिसा आहे. लोक त्याला फियान्से व्हिसा म्हणतात. तो मिळाला की सहा महिन्यांत लग्न करायचं आणि मग तिथूनच पती किंवा पत्नी म्हणून पुढचा अर्ज करायचा. या सहा महिन्यांत नोकरी करायला बंदी. अर्ज करताना दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात, नातं खरं असल्याचं दाखवावं लागतं, येणाऱ्याला जुजबी इंग्रजी बोलता-समजता यावं लागतं, भारतातून जाणाऱ्याला क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते, आणि तिथल्या जोडीदाराचं उत्पन्न ठरलेल्या आकड्याच्या वर असावं लागतं. वाचायला सगळं समंजस वाटतं.

आता नातं खरं असल्याचं कागदावर कसं दाखवतात ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणांचे स्क्रीनशॉट तारखेनिशी काढायचे. मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर जोडायचं, त्यावर भाषांतरकाराची सही आणि दाखला. म्हणजे ‘जेवलीस का’ आणि ‘पोचलो, झोप आता’ यांची प्रमाणित प्रत निघते. फोनच्या नोंदी, विमानाची तिकिटं, साखरपुड्याचे फोटो. फोटोत दोघंच असलेले वेगळे, दोन्हीकडची माणसं असलेले वेगळे. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे, पदवीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आहे आणि बँकेच्या खात्यावर नुसतं आद्याक्षर, तर ही तिन्ही माणसं एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र. तिकडच्या जोडीदाराच्या सहा महिन्यांच्या पगारपत्रकांतली रक्कम बँकेत जमा झालेल्या रकमेशी पेन्सपर्यंत जुळवायची, आणि न जुळल्यास का जुळत नाही याचं मालकाकडून पत्र. मुलीची आई हे कागद प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालत बसलेली असते आणि विहिणीला फोन करून विचारत असते, ओटी भरतानाचा तुमच्याकडचा फोटो आहे का हो, आमच्या फोटोत मुलाचं डोकं कापलं गेलंय.

ही फाइल कोणाची चांगली होते? ज्या जोडप्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं की आपल्याला फाइल करायची आहे, त्याची. पैसे घेऊन बनावट लग्न लावणारा दलाल स्क्रीनशॉट विसरत नाही. मुलाखतीत नवरीच्या उशीचा अभ्रा कोणत्या रंगाचा हे तो पढवून घेतो. विसरतात ती खरी माणसं. घरच्यांनी गाठ घालून दिलेली, दोनदा भेटलेली, तासन्‌तास फोनवर बोललेली, पण त्या बोलण्याचं एक अक्षरही कागदावर नसलेली. म्हणजे ही चाळणी खोट्यांना अडवण्यात कच्ची आणि बेसावधांना अडवण्यात पक्की. कर नाही त्यालाच इथे डर जास्त, कारण कर करणारा तयारीनं आलेला असतो.

यावर उत्तर मिळतं की अधिकारी काही मूर्ख नसतात, त्यांना अनुभवानं कळतं. त्या अनुभवाचा इतिहास काढून बघू.

जानेवारी १९७९. भारतातून पस्तीस वर्षांची एक शिक्षिका हीथ्रो विमानतळावर उतरली. तिथे राहणाऱ्या वाग्दत्त वराशी लग्न करायला ती आली होती. त्या वेळी वाग्दत्त वधूला आधी परवाना काढावा लागत नसे. आधीच लग्न झालेल्या बायकोला मात्र लागत असे. अधिकाऱ्याला संशय आला की ही वाग्दत्त वधू नसून बायकोच असावी. त्याच्या अनुभवाप्रमाणे भारतीय बाई लग्नाआधी कुमारिका असणारच, तेव्हा पडताळणी सोपी. एका पुरुष डॉक्टरनं तिची कौमार्य चाचणी केली. ‘गार्डियन’नं फेब्रुवारीच्या सुरुवातीला बातमी छापली, गदारोळ झाला, गृहमंत्री मर्लिन रीस यांना ही पद्धत बंद करावी लागली. एखाददुसरा अपवाद म्हणून ते प्रकरण मिटवलं गेलं. पण २०११ मध्ये सरकारी दफ्तरातल्या कागदांवरून उघड झालं की सत्तरच्या दशकात भारतीय उपखंडातल्या किमान ऐंशी स्त्रियांच्या बाबतीत असंच झालं होतं. त्या शिक्षिकेचा कोणता पुरावा द्यायचा राहिला होता? तिला कसली डर वाटायला हवी होती?

चाचणी गेली, पण संशयाचा साचा राहिला. १९८० च्या नियमांत एक नवी अट आली. लग्न करून येऊ पाहणाऱ्या पुरुषाच्या लग्नाचा मुख्य उद्देश ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणं हा नसावा. लग्न खरं आहे एवढं पुरेसं नव्हतं. लग्न खरं आहे, दोघं नांदणार आहेत, आणि तरीही ‘मुख्य उद्देश’ प्रवेशाचा असू शकतो, असा तो तर्क. मनातला उद्देश नाकारून दाखवायचा, आणि १९८३ पासून शाबितीचा भारही अर्जदारावर. बरं, मुलाखतीत काय चाले? तुमच्याकडे बायको नवऱ्याच्या घरी नांदायला जाते ना? मग तुम्ही नवरे असून बायकोच्या देशात का निघालात? म्हणजे रीत पाळली नाही म्हणून संशय. आपल्याकडे घरजावयाला टोमणे खावे लागतात हे खरं, पण त्या टोमण्यांना राजपत्रातल्या नियमाचं बळ देण्याची कल्पना आपल्यालाही सुचली नव्हती. लग्नानंतर ताटातूट झालेल्या नवरा-बायकोंची पत्रं मग न्यायाधीश वाचू लागले. आपुलकी पुरेशी आहे की नाही हे ठरवायला.

याच्या पुढचा भाग तर मासलेवाईक आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या तीन स्त्रिया आपल्या नवऱ्यांना येऊ देत नाहीत म्हणून युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेल्या. पुरुषांना बायका आणता येतात, स्त्रियांना नवरे आणता येत नाहीत, हा भेदभाव आहे असा निकाल मे १९८५ मध्ये त्यांच्या बाजूनं लागला. सरकारनं भेदभाव दूर केला. कसा? तीच जाचक अट बायकांनाही लावून. समता आली ती अशी. हा नियम १९९७ मध्ये नव्या सरकारचे गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी रद्द केला, तोवर सतरा वर्षांत किती संसार सुरूच झाले नाहीत याचा हिशेब कोण ठेवणार?

आणखी एक उदाहरण देतो आणि इतिहास सोडतो. २००५ पासून ब्रिटनमध्ये असलेल्या बहुतेक बिगर-युरोपीय माणसांना लग्नाआधी गृहखात्याची लेखी परवानगी लागू लागली, त्यासाठी फी. कारण अर्थातच बनावट लग्नं. पण चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांना ही परवानगी लागत नसे! अँग्लिकन वेदीसमोर लग्न खोटं असू शकत नाही आणि रजिस्ट्रारच्या कचेरीत किंवा मांडवात ते असू शकतं, असा शोध त्या राज्याला लागला होता. २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं ती योजना लग्नाच्या हक्काविरुद्ध ठरवली आणि २०११ मध्ये ती निघाली. ज्यांना अधिकाऱ्यांच्या अनुभवावर विश्वास ठेवायचा असेल त्यांनी हे तीन प्रसंग ओळीनं वाचावेत. दर वेळी सांगितलेलं कारण एकच होतं, दर वेळी अडवलेली माणसंही साधारण तीच होती.

पुराव्याचा मुद्दा इथवर आला की प्रतिपक्ष आपली भक्कम तटबंदी गाठतो: पैसा. स्वतःच्या बळावर जोडीदाराला पोसता येत नसेल तर त्याला आणून सरकारच्या गळ्यात का मारायचं? माझ्या मते या सगळ्या वादातला हाच एक प्रश्न गंभीर आहे, म्हणून आकडे सविस्तर मांडतो.

जुलै २०१२ मध्ये थेरेसा मे गृहमंत्री असताना तिथल्या जोडीदारासाठी वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट आली. एप्रिल २०२४ मध्ये ती एकदम २९,००० झाली. आणखी वाढवत ३८,७०० पर्यंत न्यायचा बेतही जाहीर झाला होता. आता तुलना करा. एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनमधलं किमान वेतन तासाला ११.४४ पौंड होतं. आठवड्याला साडेसदतीस तास, वर्षभर एकही आठवडा न चुकवता काम केलं तर पगार होतो सुमारे २२,३०० पौंड. पुढच्या वर्षी वेतन १२.२१ झालं, तेव्हा सुमारे २३,८००. म्हणजे कायद्यानं ज्याला पुरेसं वेतन म्हटलं त्यावर पूर्णवेळ राबणारा ब्रिटिश नागरिक लग्नाला मात्र अपात्र. तो रुग्णालयात मदतनीस असेल, शाळेत सहायक असेल, दुकानात असेल. त्याचं शेजारणीवर प्रेम बसलं तर सरकार पगार विचारत नाही. नागपूरच्या मुलीवर बसलं तर विचारतं.

पगार नसेल तर बचत चालते. तिचं गणित असं: १६,००० पौंड अधिक कमी पडणाऱ्या उत्पन्नाची अडीचपट. उत्पन्न शून्य धरलं तर ८८,५०० पौंड, तेही सहा महिने हाताशी ठेवलेले. एवढी रक्कम ज्याच्या खात्यात पडून असते त्याच्या मनात सरकारी मदतीचा विचार तरी येईल का?

आणि येणाऱ्या जोडीदाराची कमाई? ती भारतात इंजिनिअर असेल, लंडनमध्ये तिला उद्या नोकरी लागणार असेल, तरी पहिल्या अर्जात तिचा भावी पगार धरत नाहीत. मोजतात फक्त तिथे असलेल्याचा. म्हणजे ‘दोघं मिळून घर चालवू शकतील का’ हा प्रश्न विचारलाच जात नाही. मग ती तिथे गेली की सहा महिने काम करायला मनाई, आणि वर म्हणायचं की ही दुसऱ्याच्या जिवावर जगायला आली आहे.

राहता राहिली सरकारी तिजोरी. या व्हिसांवर आलेल्या माणसाला कल्याणकारी भत्ते मिळतच नाहीत. तशी अट व्हिसालाच जोडलेली असते. उलट तोच पैसे भरतो. एप्रिल २०२५ च्या दरांनी फियान्से व्हिसाची फी १,९३८ पौंड. लग्नानंतरच्या अर्जाची १,३२१, शिवाय आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे अडीच वर्षांचा आगाऊ. अडीच वर्षांनी तोच अर्ज आणि तोच अधिभार पुन्हा. पाच वर्षांनी कायम वास्तव्याचे ३,०२९. बेरीज पावणेतेरा हजार पौंडांपर्यंत जाते, म्हणजे पंधरा लाख रुपयांच्या आसपास. वकील, परीक्षा आणि विमान वेगळं. वर ती व्यक्ती नोकरी करून कर भरणार तो भरणारच. तिजोरीला भार होण्याची भीती असलेल्या माणसाकडून तिजोरीच पाच वर्षांत पंधरा लाख घेते, याला काटकसर म्हणायचं की काय, वाचकांनी ठरवावं.

या अटीमुळे काय झालं हे इंग्लंडच्या बाल आयुक्तांच्या २०१५ च्या अहवालात आहे. आईवडलांपैकी एकाला फक्त पडद्यावर बघत वाढणाऱ्या मुलांच्या घरांना त्यांनी ‘स्काइप कुटुंबं’ म्हटलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध मानली, हे मी लपवणार नाही. पण मुलांच्या हिताचा विचार नियमांत नीट झालेला नाही आणि उत्पन्नाचे इतर मार्ग सरसकट नाकारणं योग्य नाही, असंही बजावलं. जून २०२५ मध्ये सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीनं ३८,७०० च्या आकड्याविरुद्ध मत दिलं. तेव्हा हा काही भावनाप्रधान मंडळींचा कांगावा नाही.

मग शेवटचा व्यवहारी सल्ला: एवढं कशाला, इथेच लग्न उरका आणि बायको म्हणून घेऊन जा. उत्पन्नाची अट त्या वाटेवरही तीच आहे हे सल्ला देणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं, ते असो. पण ज्यांना इथे लग्न करताच येत नाही त्यांचं काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. मुंबईतल्या मुलाचं मँचेस्टरमधल्या मुलाशी जुळलं असेल तर त्यांना ‘आधी इथे लग्न करा’ म्हणणं ही थट्टा आहे. त्यांच्यासाठी वाग्दत्तांचा व्हिसा हा मुख्य रस्ता आहे. अमेरिकेतही के-१ नावाचा असाच व्हिसा आहे, आणि २०१३ पासून तो समलिंगी जोडप्यांना मिळतो. त्यात अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघं भेटलेले असावेत अशी अट आहे, आणि गंमत म्हणजे लग्नाआधी वधूवरांनी भेटू नये अशी कडक रूढी असेल तर त्यातून सूटही मागता येते. अमेरिकी नियम लिहिणाऱ्याला आपल्या आजीपणजीच्या लग्नाची माहिती होती म्हणायची! मात्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये स्पष्ट केलं की परदेशी जोडीदाराला देशात येऊ देणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. वकिलातीतला अधिकारी नाही म्हणाला, तर बहुतेक वेळा त्या नकाराला कोर्टात आव्हान द्यायलाही जागा नाही. तिथे कर नसलेल्याचं करायचं काय?

सगळीच तपासणी फुकट आहे असं मी म्हणत नाही. सक्तीची लग्नं होतात. परदेशस्थ नवऱ्यांनी लग्न करून, हुंडा घेऊन, मुलीला टाकून दिल्याच्या कहाण्या महाराष्ट्रातही कमी नाहीत, आणि अशा मुलींच्या आईवडलांना ‘तपासा, अजून तपासा’ असं वाटलं तर त्यांना दोष देता येणार नाही. पण ही यंत्रणा त्यांच्यासाठी काय करते ते बघा. सक्ती रोखायची म्हणून ब्रिटननं २००८ मध्ये लग्नाच्या व्हिसाचं किमान वय २१ केलं. २०११ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयानं दोन जोडप्यांच्या खटल्यात ते अयोग्य ठरवलं, कारण सक्ती थांबल्याचा पुरावा सरकारला देता आला नाही आणि राजीखुशीनं लग्न केलेले मात्र अडकले. आणि छळाचं काय? पत्नीच्या व्हिसावर गेलेल्या बाईचा संसार नवऱ्याच्या मारहाणीमुळे मोडला तर तिला स्वतंत्रपणे राहण्याचा अर्ज करता येतो. फियान्से व्हिसावर असलेल्या बाईला ही सोय नाही. परका देश, कमाईला बंदी, लग्न अजून व्हायचं, सहा महिन्यांची मुदत, आणि दार उघडायचं की नाही हे त्याच माणसाच्या हातात. तिच्या हितासाठी म्हणून तिचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश वाचणारं राज्य नेमकं त्या सहा महिन्यांत तिच्याकडे पाठ फिरवून उभं आहे.

आपण तरी कुठे वेगळे आहोत, असंही कोणी म्हणेल, आणि ते खरं आहे. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्या दोन प्रौढांची नोटीस तीस दिवस कचेरीच्या फळ्यावर लटकते, कोणीही येऊन आक्षेप घ्यावा म्हणून. परदेशी पती-पत्नीला ओसीआय कार्ड हवं तर लग्न नोंदवून दोन वर्षं झालेली असावी लागतात. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आंतरधर्मीय लग्नांची माहिती ठेवायला समिती नेमली. या समितीला टाळ्या वाजवणाऱ्यांनी ब्रिटनच्या अधिकाऱ्याचीही बाजू घ्यावी. निदान ते सुसंगत होईल. पण इथे ‘दोन प्रौढ माणसांच्या मधे सरकार कशाला’ म्हणायचं आणि तिथे ‘पुरावा द्यायला काय हरकत’ म्हणायचं, हे दोन्ही एका तोंडानं कसं जमतं?

सरकारनं विचारावं. वय विचारावं, आधीचं लग्न मोडलं आहे का विचारावं, दोघांना वेगवेगळं बसवून मर्जी विचारावी, गुन्ह्याची नोंद बघावी. लग्नानंतर दोघं खरंच एकत्र राहतात का हे अडीच वर्षांनी तपासतातच, ते तपासावं. पण उत्पन्न मोजायचं तर दोघांचं मोजावं आणि किमान वेतनावर राबणाऱ्याला लग्नाबाहेर ठेवू नये. त्या सहा महिन्यांत काम करू द्यावं. छळ झालेल्या वाग्दत्त वधूला पत्नीइतकंच संरक्षण द्यावं. नकार दिला तर नेमकं काय कमी पडलं ते सांगावं. यातल्या एकाही बदलानं एकही बनावट लग्न सोपं होत नाही.